बाई, मारा हवं तर!

आमच्या शाळेच्या पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. सभा संपते, चहा होतो, आणि एखादी आई मुलाचा दंड धरून त्याला माझ्यापुढं उभं करते. म्हणते, "बाई, हा घरी मुळीच ऐकत नाही. मारा हवं तर. आमची काही हरकत नाही!" मूल खाली मान घालून चपलेचा अंगठा फरशीवर घासत असतं. मी हसते, त्याच्या पाठीवर थाप मारते आणि पुढच्या आईकडे वळते. अगदी आत्ताआत्तापर्यंत मला यात काही वावगं वाटत नसे. खरं सांगायचं तर माझ्या मुलाच्या वर्गशिक्षकांना मीही हेच सांगून आलेली आहे.

मी घर सांभाळून एका शाळेत तासांवर शिकवते. सहावीला मराठी आणि इतिहास. सकाळी डबे, देवपूजा, सासूबाईंचा चहा, सगळं उरकून शाळा गाठायची आणि दुपारी परत येऊन भाजी निवडायला बसायचं. मी कधी छडी हातात घेत नाही. त्यामुळं माझी अशी समजूत होती, की मी मुलांना मानानं वागवणारी बाई आहे. ती समजूत गेल्या वर्षी एका मुलानं मोडली. त्याला मी इथं दिनू म्हणते. खरं नाव वेगळं.

निबंधाची वही

शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. 'माझी आई' हा निबंध मी घरून लिहून आणायला सांगितला होता. वह्या तपासायला घेतल्या. बहुतेक निबंध एकाच साच्यातले. आई म्हणजे मायेचा सागर, आई म्हणजे घराचा आधार. कुणी मार्गदर्शकातून उतरवलेले, तर कुणाच्या वहीत मला चक्क आयांचंच अक्षर दिसत होतं. दिनूच्या वहीत मात्र चारच ओळी होत्या. आई पहाटे उठते. दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करायला जाते. घरी आली की तिला पोळ्या करायचा कंटाळा येतो. मग आम्ही भात खातो.

त्या दिवशी मी घाईत होते. घरी पाहुणे यायचे होते. वर्गात वह्या परत देताना मी दिनूची वही उघडली आणि निबंध कसा नसावा याचा नमुना म्हणून त्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या. वर पुन्हा विचारलं, "काय रे, आई म्हणजे एवढंच?" वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी 'भात्या' म्हणालं आणि आणखी हसू फुटलं. मीही हसले असेन. आठवत नाही, आणि आठवत नाही हेच वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी दिनू आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी मी हजेरीपटातला पत्ता घेऊन त्याच्या घरी गेले.

घर म्हणजे एक खोली. त्याची आई नुकतीच कामावरून आली होती. मला पाहून गडबडली, पदरानं खुर्ची पुसली, मला बसवलं आणि स्वतः उभीच राहिली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बाई, पोराचं काही चुकलं असेल. मारा हवं तर, पण शाळेतनं काढू नका." मागं दिनू भिंतीला टेकून उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता.

त्या बाईंना काय सांगू? मारायचं ते मी आधीच मारलं होतं. फक्त हात उचलला नव्हता. आणि मारलं होतं ते तुमच्या नावावरून, हे कसं सांगणार? मी चहा घेतला, एवढंच म्हटलं की "चूक त्याची नाही, माझी आहे. उद्या पाठवा त्याला." त्यांना ते खरं वाटलं नसावं. बाई कधी चुकतात का?

वाटेनं घरी येताना सारखं वाटत होतं, की त्या तीस-पस्तीस निबंधांत आईकडे डोळे उघडून पाहिलेला हा एकच मुलगा. दिवसभर पोळ्या लाटून दमलेली बाई घरी आल्यावर तवा ठेवायला कंटाळते, हे त्याला दिसलं होतं, आणि तो भातावर समाधानी होता. आपल्यापैकी कितीजणींच्या मुलांना आपला कंटाळा दिसतो?

बाईंची माफी

दुसऱ्या दिवशी दिनू आला. मी वर्गापुढं उभी राहिले आणि सांगितलं, "दिनूचा निबंध मी वाईट म्हणून वाचला. तो वाईट नव्हता, खरा होता. त्याला विचारल्याशिवाय तो वाचायचा मला अधिकार नव्हता. माझं चुकलं." हे सांगायला सोपं नाही हो. पाय लटपटत होते. वर्ग एकदम शांत झाला. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पण आम्ही पण हसलो. आमचं काय?"

त्या प्रश्नातून पुढचं सगळं निघालं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा काय करायचं. त्या तासाला इतिहास बाजूला राहिला आणि मुलांनी वर्गाचे नियम केले. कुणी चुकलं तर हसायचं नाही. टोपणनाव ज्याला आवडत नसेल त्याला त्या नावानं हाक मारायची नाही. दुसऱ्याच्या डब्याकडे बघून नाक मुरडायचं नाही. न विचारता कुणाच्या दप्तरात हात घालायचा नाही. आणि पाचवा नियम एका मुलानं चाचरत सांगितला, "बाईंनी पण वही लांबून फेकून द्यायची नाही." मी वही फेकते हे मला माहीतच नव्हतं! नियम फळ्याशेजारी लागले. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली.

घरी ही हकीकत सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मुलांना कसले आलेत गं हक्क? आम्ही नाही का मार खाल्ला? काही बिघडलं का आमचं?" मग थोडा वेळ शेंगा सोलत बसल्या आणि आपणहून सांगू लागल्या. एकोणतीसचा पाढा चुकला म्हणून गुरुजींनी त्यांच्या बोटांवर पट्टी उभी मारली होती. कुठल्या बाकावर बसल्या होत्या, परकर कुठल्या रंगाचा होता, शेजारची कोण हसली, सगळं आठवत होतं. मी विचारलं, "आणि पाढा, आई?" "छे गं!" त्या म्हणाल्या, "तो काही शेवटपर्यंत आला नाही."

कायदा काय म्हणतो

मुलांना हक्क असतात, हे काही आज कुणाच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार मंजूर केला. भारतानं तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्यात चोपन्न कलमं आहेत. बाराव्या कलमात म्हटलं आहे, की मुलाशी संबंधित गोष्टी ठरवताना त्याचं म्हणणं ऐकावं आणि त्याच्या वयाप्रमाणं व समजुतीप्रमाणं त्याला वजन द्यावं. अठ्ठाविसाव्यात शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी असं आहे. एकतिसाव्यात तर विश्रांती आणि खेळ हाही मुलाचा हक्क मानला आहे. अभ्यासासाठी मुलांचं खेळणं बंद करणाऱ्या आपण आयांनी हे कलम जरा थांबून वाचावं!

आपल्या देशात शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमानुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई आहे. मनाई मोडणाऱ्या शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणजे, "मारा हवं तर" ही परवानगी देणं मुळी आपल्या हातातच नाही. शिवाय 'मानसिक छळ' हे शब्द वाचताना मला दिनूची वही आठवली. छडी न घेणारी बाईसुद्धा या कलमात सापडते.

पण कायदा येण्याच्या कितीतरी आधी हे जगून दाखवणारी माणसं होऊन गेली. १९२० साली गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या आणि पुढं १९५७ मध्ये दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष देत त्या बसल्या नाहीत. मुलांच्या अंगणात शाळा नेली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. मूल शाळेत का येत नाही, हे मुलाच्या बाजूनं पाहायचं, हा त्यांचा धडा. सहा दिवस हजेरीपटात नुसती गैरहजेरी मांडणाऱ्या मला तो उशिरा समजला.

पोलंडमधल्या वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक नावाचे एक डॉक्टर अनाथ मुलांचं घर चालवत. तिथं मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलंच. त्यांच्या कायद्यातली पहिली नव्याण्णव कलमं क्षमा करण्याची होती. कुणी मोठ्यानं चूक केली तर त्याच्यावरही फिर्याद लागे. खुद्द डॉक्टरांवरही मुलांनी फिर्यादी लावल्या आणि ते त्या न्यायालयापुढं उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत या मुलांनी जुलै १९४२ मध्ये रवींद्रनाथांचं 'डाकघर' नाटक केलं. पुढच्याच महिन्यात मुलांना मृत्यूच्या छावणीकडे नेण्यात आलं. डॉक्टर त्यांना सोडून गेले नाहीत. त्यांच्याबरोबरच गेले. हे वाचल्यावर वर्गापुढं माफी मागताना लटपटलेल्या पायांची मला लाज वाटली.

बिस्किटांचा डबा

नियम लावले म्हणून वर्ग देवळासारखा शांत झाला असं कुणी समजू नये. पहिले पंधरा दिवस नुसता कलकलाट. 'भात्या' हे नाव दुसऱ्या दिवशी गेलं नाही, मधूनमधून डोकं वर काढतच होतं. गृहपाठ न आणणारा एक महाभाग मला म्हणाला, "बाई, तुम्ही रागावलात तर तो अन्याय होईल!" शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी म्हणाले, "अशानं पोरं डोक्यावर बसतील." त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. त्या महाभागाला मी म्हटलं, "रागावत नाही. गृहपाठ केव्हा आणशील ते तूच सांग आणि वहीत लिही." त्यानं गुरुवार लिहिलं. आणला शुक्रवारी! पण आणला. मान देणं म्हणजे लाड करणं नव्हे, हे मुलांना कळायला वेळ लागतो. मला तरी कुठं लवकर कळलं?

मग मी एक रिकामा बिस्किटांचा डबा वर्गात ठेवला. झाकणाला चीर पाडली. ज्याला जे सांगायचं असेल ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं, नाव घातलंच पाहिजे असं नाही. पहिल्या आठवड्यात गमतीच निघाल्या. 'बाईंचं अक्षर कळत नाही' अशी एक होती. दुसऱ्या आठवड्यात मात्र अकरा चिठ्ठ्या एकाच विषयाच्या निघाल्या. सगळ्या मुलींच्या. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते. मुलं येऊन दार ढकलतात. म्हणून आम्ही शाळेत पाणीच पीत नाही.

मी त्याच शाळेत कितीतरी महिने शिकवत होते. शिक्षिकांसाठी वेगळी सोय आहे, कुलूप-किल्लीसकट. त्यामुळं मला पत्ताच नव्हता.

मुख्याध्यापक आधी म्हणाले की खर्चाची तरतूद नाही. मी पुढच्या पालकसभेची वाट पाहिली. सभेत आयांना एकच विचारलं, "कुणाकुणाच्या मुलीची पाण्याची बाटली भरलेली परत येते?" एक हात वर झाला, मग दुसरा, मग हातांची रांगच लागली. एक बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो, बाटली तशीच आणते म्हणून मी तिला परवा धपाटा घातला हो!" दिवसभर पाणी न पिणं आणि लघवी दाबून धरणं यामुळं मुलींना लघवीच्या जागेचे आजार होतात, हे आपल्याला घरात माहीत असतं. पण बाटली भरलेली का, हे विचारायच्या आधी आपला हात उठतो.

पुढचं सोपं होतं. एका मुलीचे वडील सुतारकाम करतात. त्यांनी रविवारी येऊन तिन्ही दारांना कड्या बसवल्या, पैसे घेतले नाहीत. मुख्याध्यापकांनी बादल्या आणि मग आणून दिले. मुलग्यांना मुलींच्या बाजूला जायला बंदी करायचं घाटत होतं, पण आधी मी सहावीतल्या मुलग्यांनाच ती चिठ्ठी वाचून दाखवली, कुणाचंही नाव न घेता. दार ढकलणं म्हणजे आपल्याला गंमत, पण आत असणाऱ्या मुलीला काय वाटत असेल, यावर ते स्वतः बोलले. दोघा-तिघांच्या माना खाली गेल्या. आदर म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकवायचं म्हटलं तर एक धडा लागतो. इथं एक कडी पुरली.

आणखी एक गोष्ट मला यातून लख्ख कळली. बारीकसारीक गोष्टींत ज्या मुलाचं ऐकून घेतलं जातं, तेच मूल उद्या मोठी गोष्ट सांगायला तोंड उघडतं. "गप्प बस, मोठ्यांना उलट बोलू नये" एवढंच ज्यांना शिकवलं, ती मुलं रस्त्यात, रिक्षात, नात्यात कुणी नको तसा हात लावला तरीही गप्पच बसतात. आपणच त्यांना तसं शिकवलेलं असतं.

आणि घरी?

माझा स्वतःचा मुलगा पाचवीत आहे. डब्याची गोष्ट ऐकून त्यानं लाडूंचा रिकामा डबा घेतला आणि स्वयंपाकघरात फडताळावर ठेवला. मला हसू आलं. दोन दिवसांनी उघडला तर आत चिठ्ठी होती: 'आई, पाहुण्यांसमोर माझे मार्क सांगू नको.' मी ती चिठ्ठी हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही कळलं नाही. शाळेत दिनूची माफी मागून आलेली मी घरी, शेजारच्या मुलाचे मार्क आणि माझ्या मुलाचे मार्क, पोह्यांच्या बशांबरोबर पाहुण्यांपुढं ठेवत होते.

मैत्रिणींनो, मी काही मोठी शिक्षणतज्ज्ञ नाही. पण जे करून पाहिलं आणि थोडंफार उपयोगी पडलं, ते सांगते.

शाळेत गेल्यावर "मारा हवं तर" म्हणू नका. त्याऐवजी, "त्याला काय अडतंय ते मला सांगा, आपण मिळून बघू," असं म्हणा. मूल तिथंच उभं असतं आणि आई कुणाच्या बाजूची आहे ते ऐकत असतं.

मूल घरी आल्यावर 'आज काय शिकवलं' याच्या जोडीला 'आज कुणी कुणाला हसलं का' हेही विचारा. आपलं मूल हसणाऱ्यांत असेल तर तेही कळायला हवं.

बाटली, डबा, दप्तर रोज बघता तसं त्यांच्याकडून काही कळतंय का तेही बघा. भरलेली बाटली, न खाल्लेली पोळी, अचानक दुखणारं पोट, या सगळ्या चिठ्ठ्याच असतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. ती जागा आपली आहे. सही करून घरी न येता तिथं बसा आणि विचारा.

मूल फार मोठ्या संकटात असेल, तर १०९८ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर मदत मिळते. मुलंही स्वतः तो फिरवू शकतात. फ्रीजवर चिकटवून ठेवा.

आणि चुकलं तर मुलाची माफी मागा. आपला मान कमी होत नाही. मी करून पाहिलं आहे.

दिनू काही एकदम हुशार झाला नाही. सहामाहीला त्याला मराठीत जेमतेम मार्क पडले. निबंध अजून चार-सहा ओळींचेच असतात, पण ते त्याचे स्वतःचे असतात. त्याची वही मी हातात घेतली की तो अजूनही क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघतो, बाई आता काय म्हणणार म्हणून. ते बघणं ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी माझी माफी मंजूर झाली असं मी समजेन. तोवर वही उघडायच्या आधी मी त्याला रोज विचारते, "वाचू का रे?"